‘इतर’ या चौकटीतली माणसे

पावसाळ्यात दोन कोल्हापूरकर भेटले की एक प्रश्न हमखास निघतो : “मच्छिंद्री झाली का?” बाहेरगावच्या माणसाला यातले काही कळत नाही. पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामात एक ओळखीची खूण आहे, तिला मच्छिंद्री म्हणतात. नदीचे पाणी तिथवर चढले की ‘मच्छिंद्री झाली’. मग काठावरच्या गल्ल्यांतली माणसे कोणी सांगायची वाट न बघता धान्याची पोती माळ्यावर चढवू लागतात.

याच पाण्याची दुसरी मोजणी राजाराम बंधाऱ्यावर होते. तिथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी असते. ही मोजणी वर्तमानपत्रात येते, सरकारी अहवालात येते, आमच्यासारख्या संशोधकांच्या तक्त्यांत येते. मच्छिंद्री मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. पाणी एकच, पण ते मोजणाऱ्या दोन पट्ट्या आहेत, आणि संशोधकाला बहुधा त्यांतली एकच वाचता येते. दुसरी पट्टी वाचता न आल्यामुळे अभ्यासाचे, आणि शेवटी माणसांचे, काय नुकसान होते ते या लेखात पाहू.

जवळचा माणूसही परकाच

मी कळंब्याला राहतो. कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला, उंचावर हे गाव आहे. आमच्याकडे पाऊस किती झाला ते कळंबा तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की कळते. पंचगंगेचा पूर आमच्या दारापर्यंत येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांवर गेली, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर. दोन्ही वेळा पाण्याने वेढलेल्या गावांची दृश्ये मी कोरड्या घरात बसून पाहिली.

२०१९ चा पूर ओसरल्यावर आम्ही काही संशोधक मंडळी नदीकाठच्या एका गावात पाहणीसाठी गेलो. किती पाणी चढले, किती दिवस राहिले, सूचना मिळूनही लोक वेळेवर का निघाले नाहीत, हे समजून घ्यायचे होते. प्रश्नावली चांगली चार-पाच पानांची होती. मी मनात म्हटले, आपण इथलेच, भाषा आपलीच, गाव तासाभराच्या अंतरावर. अडचण कसली येणार? पण कळंब्याच्या कोरड्या घरातून आलेला मी त्या गावात परकाच होतो. फक्त तसे मला वाटत नव्हते, आणि म्हणून माझ्या चुका मला उशिरा कळल्या.

पहिल्याच दारात एक आजी बसल्या होत्या. हातातला कागद पाहून म्हणाल्या, “पंचनाम्याला आलायसा न्हवं? मग लिवा की, आठ दिस पाणी हुतं.”

मी सांगितले, आम्ही सरकारी नाही, अभ्यासासाठी आलो आहोत. आजींनी मान हलवली. पुढच्या घरीही ‘आठ दिवस’, त्याच्या पुढच्या घरीही तेच. गावाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी जेमतेम दोन-तीन दिवस राहिले असावे असे भिंतीवरची गाळाची रेघ सांगत होती, तिथेही आठ दिवस!

लोक खोटे बोलत होते का? जरा त्यांच्या जागी उभे राहून पाहा. पुरानंतर कागद घेऊन दारात येणारा माणूस म्हणजे पंचनामा करणारा, हाच त्यांचा आजवरचा अनुभव. त्या महिन्यात तर मोफत धान्यासाठी ‘दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली’ या अटीवरून मोठा गदारोळ झाला होता. अशा वेळी ‘पाणी किती दिवस होते?’ हा प्रश्न शेतकऱ्याच्या कानाला ‘तुम्हाला मदत द्यायची की नाही?’ असा ऐकू येतो. आमच्या कागदावर जे उतरले ते पुराचे दिवस नव्हते; मदत हुकण्याची भीती होती.

दुसरी चूक याहून मोठी होती. ‘सूचना मिळाल्यावर घर का सोडले नाही?’ या प्रश्नाला आम्ही चार पर्याय दिले होते : सूचना मिळाली नाही, समजली नाही, विश्वास बसला नाही, इतर. दिवसअखेर कागद चाळले तर बहुतेक खुणा ‘इतर’ या चौकटीत. एका मध्यमवयीन शेतकऱ्याला मी मुद्दाम पुन्हा विचारले. तो म्हणाला, “सायेब, सूचना मिळाली, समाजली, इस्वास बी बसला. पर बोटीत माणसंच घ्यायची म्हणत्यात. म्हसरं कुणाच्या जिवावर सोडायची?”

कोल्हापूर जिल्ह्यात म्हैस म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते असे नाही. दर दहा दिवसांनी डेअरीतून येणाऱ्या दुधाच्या बिलावर इथली कितीतरी घरे चालतात. ऊस कारखान्याला गेल्यावर पैसे हाती यायला महिने लागतात. मीठ-मिरची, मुलांची वही आणि औषध हे सगळे दुधावर भागते. म्हैस गेली तर घराचे चाक थांबते. शिवाय दावणीला बांधलेले जनावर बुडायला सोडून जाणे मनालाही पटत नाही. एवढे सगळे आम्हाला माहीत असूनही प्रश्नावलीत गोठ्याविषयी एकही पर्याय नव्हता. आमच्या दृष्टीने ‘कुटुंब’ म्हणजे फक्त माणसे. गावातले सर्वांत मोठे कारण आम्ही आमच्याच हाताने ‘इतर’ करून टाकले होते.

तिसरी चूक तर आम्हाला दिसलीच नाही, दाखवावी लागली. आमच्या गटात सगळे पुरुष. दारात गेलो की घरातला कर्ता पुरुष पुढे येई, बायका आतल्या दाराशी उभ्या. ‘छावणीत काही अडचण होती का?’ याला उत्तर येई, “न्हाई, झ्याक सोय हुती.” छावणी गावाबाहेरच्या एका शाळेत होती. त्या शाळेतल्या बाईंनी आमचे कागद वाचले आणि म्हणाल्या, “सर, हे तुम्ही कुणाला विचारलंत?” मग त्या स्वतः दोन दिवस घरोघरी गेल्या, चुलीपाशी बसल्या. तेव्हा कळले की रात्री बाहेर जायला लागू नये म्हणून बायका दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. पाळी आलेल्या मुलींची आणि बाळंतिणींची कुचंबणा वेगळीच. ‘झ्याक सोय’ या उत्तराच्या भरवशावर आम्ही अहवाल लिहिला असता, तर पुढच्या पुरातही छावणी तशीच उभी राहिली असती.

पर्जन्यमापक झाडाखाली ठेवला तर?

शाळेतल्या पर्जन्यमापकाचे उदाहरण घेऊ. तो मोकळ्या जागेत, भिंतीपासून आणि झाडापासून दूर ठेवावा असे आपण मुलांना शिकवतो. कोणी तो आंब्याखाली ठेवला आणि पाऊस कमी भरला, तर आपण पावसाला खोटारडा म्हणत नाही. उपकरण चुकीच्या जागी ठेवले असे म्हणतो.

आपत्तीच्या अभ्यासात प्रश्न विचारणारा माणूस हेही एक उपकरणच आहे. त्याचे कपडे, भाषा, जात, लिंग, हातातला कागद, येण्याची वेळ या सगळ्यांचा परिणाम नोंदीवर होतो. उपकरणाची त्रुटी ओळखून ती दुरुस्त करण्याची जी क्षमता, तिला संशोधकाची सांस्कृतिक जाण म्हणता येईल. समोरच्या समाजाचे जगणे, श्रद्धा, नातीगोती, बोलण्याची रीत आणि कोणापुढे काय बोलायचे नाही याचे संकेत समजून घेणे, आणि त्यानुसार आपली पद्धत बदलणे, हा तिचा गाभा. नमस्कार कसा करावा आणि चप्पल कुठे काढावी एवढ्यावर ती संपत नाही.

ही कल्पना मुळात आरोग्यसेवेतून आली. १९८९ मध्ये अमेरिकेत टेरी क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पसंख्य समाजांतील मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेविषयी लिहिताना ती नीट मांडली. १९९८ मध्ये मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी तिच्यात एक महत्त्वाची भर घातली. दुसऱ्याची संस्कृती ‘शिकून झाली’ असे कधीच होत नसते, म्हणून सतत शिकत राहण्याची नम्रता हवी, असे त्यांचे म्हणणे होते. कळंब्याहून निघालेल्या मला नेमकी हीच गोष्ट कमी पडली होती.

किल्लारीने शिकवलेला धडा

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत मोठी शाळा भरली ती किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. या प्रतीचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक होतात, आणि बहुतेकांची आपल्याला वार्ताही लागत नाही. पण लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत त्या पहाटे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली.

इतकी माणसे का गेली? तिथली जुनी घरे दगड-मातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड, वर लाकडी छत आणि त्यावर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात हे घर थंड राहते. पण छत गळू नये म्हणून वर्षानुवर्षे माती चढत जाते आणि छताचे ओझे वाढते. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला सांधणारे लांब आडवे दगड अनेक ठिकाणी नव्हते. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर सुटले आणि माणसे दगडमातीखाली गाडली गेली.

यावरून ‘दगडाचे घर वाईट, सिमेंटचे चांगले’ असा सोपा निष्कर्ष निघाला. ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली त्यांच्याही मनात दगडाची धास्ती बसली, ते साहजिकच होते. पण बारकाईने पाहणाऱ्या अभियंत्यांना आणखी काही दिसले. मराठवाड्यात घर ‘खणांत’ मोजतात, आणि खण म्हणजे लाकडी खांब व तुळया यांनी बनलेला सांगाडा. जिथे हा सांगाडा धड होता तिथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही छत खांबांवर उभे राहिले होते. म्हणजे तिथल्या सुताराच्या कामातच भूकंपाला तोंड देण्याचे थोडे ज्ञान होते. ‘तुमचे घर किती खणांचे?’ हा प्रश्न ज्याला सुचला, त्यालाच ते ज्ञान दिसले.

पुनर्वसनात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, ओळीत घरे, सारखे भूखंड. कागदावर ही रचना सुबक दिसते. जुन्या गावात मात्र अरुंद बोळ होते, वाड्याला अंगण होते, भावकी शेजारी-शेजारी होती. बोळात सावली असते, अंगणात वाळवण पडते, म्हातारी माणसे बसतात, दुसऱ्याच्या लेकरावर नजर राहते. नव्या गावात हे सारे विखुरले. लोकांनी पक्क्या घराला लागून पत्र्याच्या पडव्या काढल्या, जनावरांची आणि चुलीची सोय स्वतःच्या हाताने केली. रोहित जिज्ञासू यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे या गावांत जाऊन शहरी आराखडा आणि ग्रामीण जगणे यांतली ही दरी नोंदवली. पाहणाऱ्याने ‘घर’ म्हणजे चार भिंती आणि छत एवढेच मोजले, की उरलेले घर आराखड्याबाहेर राहते.

याच भागात उलट दिशेचा प्रयोगही झाला. कमी नुकसान झालेल्या गावांत घरे पाडण्याऐवजी ती दुरुस्त करून मजबूत करायची, असे ठरले. छतावरचे मातीचे ओझे कमी करणे आणि भिंतीचे दोन पदर सांधणे ही त्यातली मुख्य कामे. पण ज्याला दगडाची धास्ती बसली आहे त्याला हे पटवणार कोण? ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांत तिथल्याच महिला मंडळांतील बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. त्या तंत्र शिकल्या, आपल्या बोलीत ते इतरांना सांगू लागल्या आणि लोकांच्या शंका अभियंत्यांपर्यंत नेऊ लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर भागातल्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. ज्यांना आपण ‘माहिती देणारे’ समजतो तीच माणसे अभ्यासक आणि शिक्षकही होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आठवण तारते, आठवण फसवतेही

लोकांचे सगळेच बरोबर मानायचे का? नाही. दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवू.

इंडोनेशियात सुमात्राजवळ सिमेलुए नावाचे बेट आहे. १९०७ मध्ये तिथे त्सुनामी आली होती. तिची आठवण ‘स्मोंग’ या शब्दात आणि त्याभोवतीच्या गोष्टी-गाण्यांत टिकून राहिली : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचे केंद्र या बेटाच्या अगदी जवळ होते. बेटावर सुमारे ७८ हजार लोक राहत होते. त्सुनामीत दगावले फक्त सात.

आता आपल्या पंचगंगेकडे या. २००५ चा महापूर अनेकांच्या लक्षात होता. कोणाच्या भिंतीवर त्याची रेघ होती, कोणाच्या जिन्याच्या पायरीवर. २०१९ मध्ये लोक म्हणत होते, “पाचच्या सालात हितवर आलं हुतं, ह्येच्या वर येत न्हाई.” पाणी त्या रेघेच्या वर गेले, आणि थांबलेली माणसे अडकली. सिमेलुएत जी आठवण तारक ठरली, तीच इथे फसवी ठरली.

सांस्कृतिक जाण म्हणजे लोकांच्या प्रत्येक समजुतीला मान डोलावणे नाही, हे यावरून ध्यानात येईल. पण लोक कोणत्या रेघेवर विसंबून आहेत हे ठाऊक नसेल, तर इशारा देणारा ‘५५ फूट’ म्हणत राहतो आणि ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. ‘पाचच्या सालातल्या रेघेच्या वर एक पुरुष पाणी येईल’ असे म्हटले की तेच विज्ञान घरात पोचते.

हे शिकायचे कसे?

काही साध्या गोष्टी आम्ही चुकांमधून शिकलो.

तारीख विचारू नये, प्रसंग विचारावा. ‘पाणी कोणत्या तारखेला शिरले?’ याला उत्तर येत नाही. ‘नागपंचमीला वारुळाला गेला होता का?’ असे विचारले की लगेच कळते. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती, म्हणजे त्याआधी की नंतर हे नक्की होते. शेतकरी पाऊस नक्षत्रावर मोजतो. ‘म्हाताऱ्या पावसात’ म्हणजे पुष्य नक्षत्रात, साधारण २० जुलै ते २ ऑगस्ट, त्यानंतर आश्लेषा. २०२१ चा पूर म्हाताऱ्यातला आणि २०१९ चा आश्लेषातला, असे सांगणारा माणूस तुम्हाला तारीखच सांगत असतो.

माप अंगावर घ्यावे. ‘कंबरेएवढे पाणी’ म्हणजे कोणाच्या कंबरेएवढे? त्याच माणसाला भिंतीशी उभे करावे आणि टेपने मोजावे. गाळाची रेघ असेल तर दोन्ही ताडून पाहावे.

प्रश्नावली आधी गावात वाचून घ्यावी. तिथल्या दोन-चार माणसांना प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावावा. त्यांनी सांगितलेला प्रश्न आणि आपल्या मनातला प्रश्न यांत फरक असेल, तर प्रश्न बदलावा. आणि ‘इतर’ ही चौकट भरू लागली की ती दारावर पडलेली थाप समजावी.

वेळ ओळखावी. ज्या घरी सुतक आहे तिथे प्रश्न नेऊ नयेत. धारेच्या वेळी जाऊ नये. मदतीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडून संमती घेऊ नये, कारण ‘नाही’ म्हटले तर रांगेतला नंबर जाईल असे त्याला वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक मार्गदर्शक सूचनांत आपत्तीकाळातील संशोधनासाठी स्वतंत्र विभाग आहे. मदत आणि संशोधन यांची गल्लत होऊ नये हा त्यातला एक मुख्य मुद्दा.

शेवटी, हाती आलेले परत न्यावे. आम्ही पुन्हा त्या गावात गेलो तेव्हा आजींनी विचारले, “मागं लिवून नेलासा, त्येचं काय झालं?” बहुतेक संशोधकांकडे या प्रश्नाला उत्तर नसते. आमच्याकडेही तेव्हा धड उत्तर नव्हते. दुसऱ्या खेपेला आम्ही गावाचा एक नकाशा करून नेला. कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते आणि जनावरे कोणत्या वाटेने कोणत्या माळावर नेता येतील, ते त्यावर होते. लोकांनी त्यातल्या तीन चुका तिथल्या तिथे दुरुस्त केल्या.

शाळेचे काम

पुरात शाळा ही छावणी होते आणि पुरानंतर संशोधक पहिल्यांदा शाळेतच येतो. ‘जरा गावात ओळख करून द्या’ असे तो तुम्हाला म्हणतो. तेव्हा त्याला चार प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे : हे कागद कशासाठी? नावे गुप्त राहतील का? बायकांशी कोण बोलणार? आणि निष्कर्ष गावाला परत केव्हा सांगणार? उत्तरे गुळमुळीत आली तर ओळख करून द्यायची घाई करू नका.

आठवी ते दहावीच्या मुलांकडून एक काम जरूर करून घ्या. प्रत्येकाने घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारावे : तुम्ही पाहिलेले सर्वांत मोठे पाणी कुठवर आले होते? कोणत्या सणाच्या आसपास? तेव्हा घरातून आधी काय बाहेर काढले? पाणी न येणाऱ्या गावात हाच प्रश्न दुष्काळाविषयी विचारता येईल. उत्तर सांगणाऱ्याच्या शब्दांतच लिहावे, शुद्ध करू नये. मग वर्गात एक तक्ता करावा : डावीकडे लोकांचा शब्द, उजवीकडे फूट, तारीख, नक्षत्र. भिंतीवरच्या खुणा टेपने मोजून उजवी बाजू तपासावी. पट्ट्या दोन्ही वाचता येणारी मुले तयार होतील.

आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वेगळी जपून ठेवा. आधी काय बाहेर काढले? कोणी म्हशीचे दावे सोडले असेल, कोणी देव्हारा उचलला असेल, कोणी रेशनकार्ड. पुढच्या वेळी आमच्यासारखा कोणी कागद घेऊन आला, तर त्याच्यापुढे आधी ही यादी ठेवा. त्याच्या प्रश्नावलीतल्या पुष्कळशा चौकटी त्याला तिथेच सापडतील.